फुलाच्या मधोमध आलेला बोर्ड

खरं सांगा, मिक्सरचा प्लग काढताना तुम्ही प्लग धरून काढता, की वायर धरून ओढता?

बघा, गप्प बसलात. म्हणजे वायर धरून ओढता. आणि हात? हात तरी कोरडे असतात का तेव्हा?

मी ओट्यावरच्या भिंतीतला बोर्ड बोलतोय. दोन बटणं, दोन प्लगच्या जागा आणि वर एक पांढरं झाकण, जे आता पांढरं राहिलेलं नाही. तुमच्याही स्वयंपाकघरात माझा कोणीतरी भाऊबंद असेलच. तो बिचारा बोलणार नाही. मीही इतकी वर्षं बोललो नाही. भोकं पुष्कळ आहेत मला, पण तोंड नाही ना! पण परवा माझ्यावर जो आळ घेतला गेला, तो ऐकून अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणून आज सांगतोच.

माझा जन्म कारखान्यातला. झाकण साच्यातून निघालं, आत पितळेच्या पट्ट्या बसल्या, एका बाईनं प्लग घालून बघितला, बटणं चारदा खालीवर केली आणि मला खोक्यात ठेवलं. तेवढ्या काळजीनं मला नंतर कोणी हात लावला असेल तर शपथ.

या घरात आलो तेव्हा घर नवं होतं. भिंतीत लोखंडी डबी बसवली होती, तीत मला स्क्रूंनी आवळलं. मागून तीन वायरी आल्या. तांबडी वीज घेऊन येते, काळी तिला परत नेते. हिरवी काहीच करत नाही, नुसती बसून असते. पण काही बिघडलं, की तीच पुढे होऊन सगळं आपल्या अंगावर घेते. प्रत्येक घरात असं एक तरी माणूस असतं. या घरात ते कोण, हे पुढे कळेलच.

तेव्हा माझ्या खाली ओटा नव्हता. ही झोपायची खोली होती. आजोबांचा रेडिओ आणि वाचायचा दिवा, एवढाच माझा संसार. आजोबा म्हणजे फार टापटिपीचे गृहस्थ. मधल्या पॅसेजमध्ये, माझ्या अगदी समोर, घरातल्या विजेची मुख्य पेटी आहे. तिच्यातल्या प्रत्येक बटणाखाली त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली आणि काळ्या शाईनं लिहिलं : 'दिवे', 'बाहेरची खोली', 'झोपायची खोली', 'स्वयंपाकघर'. अक्षर असं, की छापल्यासारखं. येणाऱ्याजाणाऱ्यांना आजी ते कौतुकानं दाखवायच्या.

मग मुलाचं लग्न झालं, सूनबाई आल्या. जुनं स्वयंपाकघर अंधारं आणि चिंचोळं. दोन बायका एकदम आत शिरल्या, की एकीनं श्वास सोडल्यावरच दुसरीनं घ्यायचा. शेवटी आजींनीच ठरवलं, स्वयंपाकघर या मोठ्या खोलीत आणायचं आणि तिकडे आपण झोपायचं. नळ इकडे आला, माझ्या खाली ओटा झाला. वायरी मात्र होत्या तिथेच राहिल्या. म्हणजे पेटीत 'झोपायची खोली' लिहिलेलं बटण आता मला वीज देत होतं आणि 'स्वयंपाकघर' लिहिलेलं बटण आजींच्या खोलीला.

"उद्या पट्ट्या बदलतो," आजोबा म्हणाले होते. ते दुसऱ्याच आठवड्यात आजारी पडले आणि त्या आजारातून उठलेच नाहीत.

त्यानंतर त्या पट्ट्यांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही. सूनबाईंनी एकदा विषय काढला, तर आजी म्हणाल्या, "राहू दे गं. त्यांचं अक्षर आहे. आपल्याला माहीत आहे ना उलटं आहे ते? झालं तर." सासू-सुनेला ते पाठच झालं. काही बंद करायचं असलं, की एक दुसरीला म्हणे, "खोलीचं पाड, म्हणजे स्वयंपाकघराचं पडेल," आणि दोघी हसत.

त्या मुलाला घरात सगळे भाऊच म्हणतात. भाऊंना ही उलटापालट शंभरदा सांगून झाली असेल. पण घरातलं बायकांनी सांगितलेलं शंभरदा सांगावं लागतं, आणि एकशेएकाव्यांदा ते म्हणतात, "मला कोणी सांगितलंच नाही."

ओट्यावर आल्यापासून मी काय काय सोसलं ते सांगायला बसलो, तर तुमचा चहा निवेल. तेलाचे शिंतोडे. पिठाचे हात. बटण हातानं नाही, तर हातातल्या चमच्यानं दाबायचं! भाऊ तर मिक्सर लावून ठेवतात आणि बटण चालूच ठेवून प्लग खेचतात. आत ठिणगी उडते, पितळ काळवंडतं, त्याचं कोणाला काय! वर पुन्हा म्हणतात, "हा बोर्ड जरा सैलच झालाय." अहो, सैल केला कोणी?

सूनबाई त्यातल्या त्यात बऱ्या. त्या एका दवाखान्यात कामाला आहेत, त्यामुळे पुसणं, झाकणं, हात धुणं त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांच्या मनात फार वर्षांपासून एकच होतं. ओट्यामागच्या या तेलकट भिंतीला टाइल्स लावायच्या. रोज फडकं घेऊन भिंत घासताना म्हणायच्या, "एकदा टाइल्स लागू देत, मग बघ कशी लखलखतेस."

यंदा तो योग आला. टाइल्स त्यांनी स्वतः निवडून आणल्या. पांढऱ्याशुभ्र, आणि ओळीत मध्ये मध्ये बसवायला तीन खास टाइल्स, प्रत्येकीवर एक मोठं निळं फूल. खोकं उघडून त्यांनी ती फुलं ओट्यावर मांडली आणि बराच वेळ बघत बसल्या. मलाही आनंद झाला. वाटलं, आपल्या शेजाराला आता फुलं येणार.

टाइल्स लावायला मिस्त्री आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आल्याआल्या भिंत पाहिली, मग मला पाहिलं. गेल्या कित्येक वर्षांत मला असं नीट कोणी पाहिलं नव्हतं.

"आधी बोर्ड कुठे येतो ते धरू," ते म्हणाले. "तिथून मोजत दोन्हीकडे गेलं, की बोर्ड सांध्यावर येतो. मग कापाकापी कमी, आणि फुलंही मोकळी राहतात."

"त्यात काय मोठंसं?" भाऊ म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. "कोपऱ्यातून सुरू करा आणि सरळ निघा. बोर्डाचं बोर्ड आल्यावर बघू."

मिस्त्रींनी कोपऱ्यातून सुरू केलं. दोन दिवसांत ओळी माझ्यापर्यंत आल्या आणि जे व्हायचं तेच झालं. मधल्या फुलाची टाइल बरोबर माझ्यावर येत होती. पाकळ्या चहूबाजूंनी आणि मधोमध मी.

तिसरा दिवस उजाडला. सूनबाई दवाखान्यात गेल्या होत्या. आजी आपल्या खोलीत टेबलपंखा लावून पडल्या होत्या. गुडघे दुखतात, काठीशिवाय चालता येत नाही.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, इथं वायरमन बोलवा. टाइलची आणि खालच्या सिमेंटच्या मसाल्याची जाडी धरली, तर बोर्ड बोटभर आत जाईल. त्याला पुढे घ्यायला लांब स्क्रू लागतील, मागच्या वायरी तपासाव्या लागतील. मी फरशीचा माणूस, विजेचा नाही."

"अहो मिस्त्री, त्यात काय मोठंसं? झाकण काढायचं, टाइल लावायची, झाकण बसवायचं. त्याला वायरमन कशाला? मी वीज बंद करतो ना."

"टेस्टर आहे घरात? लावून बघितला असता."

"टेस्टर कशाला?" भाऊंनी पेटीकडे बोट केलं. "समोर लिहिलंय की! माझ्या वडिलांच्या हातचं आहे. आयुष्यात त्यांनी एक काम वेडंवाकडं केलं नाही."

त्यांनी 'स्वयंपाकघर' लिहिलेलं बटण खाली पाडलं, हात झटकले आणि फोन घेऊन गॅलरीत गेले.

मी जागच्या जागी ओरडत होतो. अहो, मी जिवंत आहे! माझ्यात वीज आहे! पण बोर्डाचं कोण ऐकतं? विजेला वाट देणं एवढंच माझं काम. ती अडवणं माझ्या हातात नाही. कोण ओढतो, कोण शिवतो, हे ठरवणं तर मुळीच नाही. तुमच्या हाती बटण आहे, माझ्या हाती काहीच नाही, आणि दोष मात्र माझा!

तिकडे आजींचा पंखा बंद पडला.

"अरे, माझा पंखा का थांबला?"

"काम चालू आहे, आई!" गॅलरीतून आवाज आला. "पाच मिनिटं कळ काढ."

 मग मला आजींचा आवाज ऐकू आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "काम स्वयंपाकघरात आणि पंखा माझा बंद? म्हणजे यानं..." आणि त्या एकदम ओरडल्या, "मिस्त्री! हात लावू नका! अहो, हात लावू नका तिथे!"

पण मिस्त्रींनी तोवर माझं झाकण काढलं होतं. डाव्या हातात मापासाठी एक साधी पांढरी टाइल धरून ते उजव्या हातातल्या थापीनं डबीच्या कडेचा जुना मसाला खरवडत होते. थापी ओली होती. आजींची हाक ऐकून त्यांनी मान वळवली आणि थापीचं टोक माझ्या तांबड्या वायरीच्या स्क्रूला लागलं.

ठिणगी. मिस्त्री मागे फेकले गेले, टाइलचे तुकडे झाले. पायात रबरी चपला होत्या आणि खाली कोरडी गोणपाटं, म्हणून निभावलं. नाहीतर मला आज हे सांगायला तोंड राहिलं नसतं.

पॅसेजमध्ये काठीचा आवाज आला. ज्या आजींना उठून बसायला कोणाचा तरी हात लागतो, त्या भिंत धरून पेटीपर्यंत आल्या होत्या. त्यांनी काठीच्या मुठीनं मुख्य बटण खाली पाडलं. फ्रिज घरघरत थांबला. सगळं घर गप्प झालं.

भाऊंनी फोन केला तशा सूनबाई दवाखान्यातून धावत आल्या आणि मिस्त्रींना तिकडेच घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. छाती ठीक होती, नाडी ठीक होती, फक्त उजवा हात थरथरत होता. "आज काम करू नका," असं त्यांनी बजावलं. दुपार कलल्यावर मिस्त्री हत्यारं घ्यायला सूनबाईंबरोबर परत आले, आणि माझ्यासमोर माझाच निवाडा सुरू झाला.

"बोर्डच खराब आहे," भाऊ म्हणाले. "वीज बंद केली तरी झटका देतो! सैल झालाय, हे मी कधीपासून सांगतोय."

नाचता येईना अंगण वाकडं!

"आणि मिस्त्री, तुम्ही तरी ओली थापी लावायची का?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. ज्या माणसानं वायरमन मागितला, टेस्टर मागितला, त्यालाच हे ऐकून घ्यावं लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

"आता माझं ऐका," भाऊ पुढे म्हणाले. "नाहीतरी हा फुलाच्या मधोमध येतो. झाकण काढलंच आहे, वायरींना चिकटपट्टी गुंडाळा, आत ढकला आणि वरून टाइल बसवून टाका. फूलही अखंड राहील आणि ही ब्यादही जाईल. त्यात काय मोठंसं?"

 म्हणजे मला जिवंतपणी गाडायचं! वर निळं फूल, आणि आत अंधारात मी, तांबड्या वायरीत वीज घेऊन, कायमचा. उद्या कोणी त्या भिंतीत खिळा ठोकला तर? पाणी झिरपलं तर? आत काय आहे ते कोणाला आठवणार? ज्या घरात दोन पट्ट्या उलट्या आहेत हे आठवत नाही, तिथं भिंतीच्या पोटातलं कोण लक्षात ठेवणार?

"ते मी करणार नाही," मिस्त्री म्हणाले. आवाज हळू होता, पण कापत नव्हता. "चालू वायर मी टाइलखाली गाडत नाही. आजवर गाडली नाही."

"मग मला दुसरा मिस्त्री बघावा लागेल."

"बघा."

मिस्त्री हत्यारांची पिशवी भरू लागले. उजव्या हातातून पक्कड दोनदा खाली पडली. सूनबाईंनी ती उचलून दिली. त्या एकदा फुलाकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. मी त्यांना दोष देत नाही. इतकी वर्षं वाट बघून आणलेलं फूल होतं ते.

"पिशवी ठेवा, मिस्त्री," दारातून आजी म्हणाल्या. "आणि तू ऐक रे. बोर्ड खराब नाही. मिस्त्री चुकले नाहीत. तू पाडलंस ते बटण माझ्या खोलीचं होतं."

"पण तिथे तर लिहिलंय..."

"उलटं लिहिलंय. खोल्या बदलल्या, पट्ट्या नाही बदलल्या. तुला शंभरदा सांगितलं."

"मला कोणी..." भाऊंनी सुरुवात केली आणि आईचा चेहरा बघून तोंड मिटलं.

"तुझंही राहू दे. चूक माझी आहे," आजी म्हणाल्या. "सूनबाई म्हणत होती, बदलू या. मीच म्हटलं, त्यांचं अक्षर आहे, राहू दे. आज हे मिस्त्री माझ्या दारात मरून पडले असते, तर यांच्या घरी जाऊन काय सांगितलं असतं मी? नवऱ्याचं अक्षर सुंदर होतं म्हणून?"

 आजी काठी टेकत पेटीपाशी गेल्या आणि नखानं पट्टी खरवडू लागल्या. इतक्या वर्षांचा डिंक, सहज थोडाच सुटतो? सूनबाई ओलं फडकं घेऊन धावल्या. "थांबा आई, मी भिजवून हळूच काढते. फाटू नाही देणार."

"फाटली तर फाटू दे."

पण सूनबाईंनी ती फाटू दिली नाही. चारही पट्ट्या सोडवून त्यांनी आजींच्या तळहातावर ठेवल्या. आजींनी मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसले. मग एकदम आवाज बदलून म्हणाल्या, "हं, आता नव्या लिहा. मिस्त्री, तुम्ही लिहिता?"

"मावशी, माझं अक्षर म्हणजे कोंबड्यानं उकिरडा उकरल्यासारखं."

"मग भाऊ लिहील. आणि लिहिण्याआधी एकेक बटण पाडून बघेल. कोणाच्या हातचं आहे म्हणून नाही, डोळ्यांनी बघून."

मग त्या घरात जे चाललं ते बघायला तुम्ही हवे होतात. मुख्य बटणासकट सगळी बटणं पुन्हा वर करून भाऊ पेटीपाशी उभे, आजी आपल्या खोलीत, सूनबाई माझ्यापाशी. माझं झाकण निघालेलं होतं म्हणून मला कोणी शिवत नव्हतं. फ्रिज माझ्याच वायरीवर चालतो, त्याला सूनबाई कान लावून उभ्या.

"हे पाडलं!" भाऊ ओरडायचे.

"पंखा गेला!" खोलीतून आजी.

"फ्रिज चालू आहे!" इकडून सूनबाई.

"म्हणजे हे आईच्या खोलीचं!"

"लिही मग! आणि माझा पंखा चालू कर, उकडतंय!"

मिस्त्री गोणपाटावर बसून हसत होते. सकाळपासून पहिल्यांदाच हसले असतील. शेवटी 'स्वयंपाकघर' ही पट्टी माझ्या खऱ्या बटणाखाली लागली, ते बटण पाडून ठेवलं गेलं, आणि फ्रिजची वायर तेवढी बाहेरच्या खोलीत लावली. भाऊ मिस्त्रींसमोर येऊन उभे राहिले. 

"हात कसा आहे आता?"

"बरा आहे."

"मी... मी टेस्टर शोधायला हवा होता."

"वायरमनच लागतो, भाऊ."

"हो. बोलावतो. उद्याच."

"आणि फुलाचं?" मिस्त्रींनी सूनबाईंना विचारलं. "वहिनी, बोर्ड ठेवायचा तर फुलाला मधोमध चौकोन पडणार. दुसरा इलाज नाही. लावलेल्या ओळी काढायच्या म्हटलं तर टाइल्स फुटतील."

सूनबाईंनी फुलाची टाइल उचलली, माझ्यावर धरून बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर मी स्वच्छ दुःख पाहिलं, लपवून सांगत नाही.

"कापा," त्या म्हणाल्या. "बाकीची दोन आहेत ना अखंड."

मित्रहो, माझं म्हणणं एवढंच आहे. भिंती सजवा, फुलं लावा, आमची काही तक्रार नाही. पण पहिली टाइल लावण्याआधी एकदा आमच्याकडे बघा. आम्ही कुठे आहोत, किती आत जाऊ, हे आधी मोजा. वायरमन बोलवा. बटण पाडल्यावर वीज खरोखर गेली आहे ना, याची खात्री करून घ्या, लिहिणारा कितीही मोठा असो. आणि आम्हाला जिवंत गाडू नका. आम्ही झटका देतो तो रागानं नाही हो. तुम्ही आमचं ऐकलं नाहीत, म्हणून तो बसतो. अन् प्लग काढताना वायर ओढू नका, एवढं तरी कराल ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वायरमन आला, त्यानं टेस्टर लावून दोनदा पाहिलं, मिस्त्रींनी फुलात चौकोन कापून टाइल बसवली, आणि अकराच्या आत मला दोन लांब स्क्रूंनी टाइलच्या पातळीत बसवून झालं.